मुंबई ते लंडन : पट्टीचे अंतर आणि आकाशातली वाट

मुंबई आणि लंडन या दोन शहरांमधील अंतर किती, हा प्रश्न सामान्यज्ञानाच्या पुस्तकात एका ओळीत सुटतो. सुमारे ७,२०० किलोमीटर असे उत्तर लिहिले की गुण पदरात पडतात. परंतु हे अंतर विमानाने कापावयास किती वेळ लागतो असे विचारले, की उत्तर डळमळू लागते. प्रवासी जेट विमान ताशी सुमारे नऊशे किलोमीटर वेगाने जाते हे विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. भागाकार केला तर आठ तास येतात. प्रत्यक्षात मुंबईहून लंडनला जाताना कोठेही न थांबणाऱ्या विमानाचे वेळापत्रक नऊ तासांच्या पुढचे, कित्येकदा दहा तासांचे असते. आणि तेच विमान, तेच वैमानिक व तोच वेग असताना परतीचा प्रवास पाऊण-एक तासाने लवकर संपतो. गणित चुकलेले नसते. ७,२०० किलोमीटर हा आकडाही खरा असतो. फक्त त्या आकड्याच्या वाटेने विमान कधी जात नाही, आणि ते का जात नाही याचा शोध घेऊ लागले की भूगोलाचा प्रश्न हळूहळू इतिहासाचा आणि पुढे राजकारणाचा होतो.

हे अंतर एके काळी महिन्यांत मोजले जात असे. आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून येणाऱ्या शिडाच्या जहाजाला वाऱ्याच्या मर्जीप्रमाणे चार ते सहा महिने लागत. पत्र लिहून उत्तर येईपर्यंत वर्ष उलटावे, ही कंपनी सरकारच्या काळातील नित्याची गोष्ट होती. त्या रेंगाळलेल्या काळाला पहिला धक्का मुंबईनेच दिला. मुंबईच्या गोदीत बांधलेली 'ह्यू लिंडसे' ही आगबोट १८३० च्या २० मार्चला कोळशाने काठोकाठ भरून निघाली आणि तेहतीस दिवसांनी सुवेझला पोचली. या तेहतीस दिवसांपैकी बरेचसे दिवस वाटेतील बंदरांत कोळसा चढविण्यात गेले होते. तरीही लाल समुद्राची वाट वाफेच्या बळावर कापता येते हे सिद्ध झाले. सुवेझपासून पुढे उंटावरून आणि नाईलच्या पात्रातून अलेक्झांड्रियापर्यंत, तेथून पुन्हा जहाज, असा तो खटाटोप होता. १८६९ च्या १७ नोव्हेंबरला सुवेझचा कालवा खुला झाला आणि जमिनीवरच्या त्या वाटेची गरज संपली.

सागरी मार्गाने मुंबई ते लंडन हे अंतर कालव्यातून सुमारे ११,६०० किलोमीटर भरते, केप ऑफ गुड होपवरून जवळजवळ २०,०००. दोन्ही शहरे आपापल्या जागी होती. मध्ये शेदीडशे किलोमीटरची वाळू खणली गेली आणि आठ हजारांहून अधिक किलोमीटर नाहीसे झाले. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी १९०६ च्या ९ जूनला मुंबई सोडली आणि जुलैच्या आरंभी ते लंडनमध्ये होते. त्याआधी २३ वर्षे आनंदीबाई जोशी एप्रिलमध्ये कलकत्त्याहून निघून जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या होत्या. वैद्यक शिकावयास निघालेल्या अठरा वर्षांच्या त्या मुलीचा जाण्यातच दोन महिन्यांचा काळ गेला. परत येताना ती क्षयाने खंगलेली होती, हे मराठी वाचकाला सांगावयास नको. परदेशी शिक्षणाची किंमत त्या काळी पैशाबरोबर ऋतूंतही मोजावी लागे.

विमानाचे आगमन झाले तेव्हाही हे अंतर एकदम आखडले नाही. इंपीरियल एअरवेज या ब्रिटिश कंपनीने १९२९ च्या ३० मार्चला लंडन ते कराची अशी सेवा सुरू केली, तिला सात दिवस लागत. त्यातही गंमत अशी, की बाझल ते जिनोआ हा टप्पा विमानप्रवाशांना रेल्वेने करावा लागे. पुढे इराणने आपल्या किनाऱ्यावरून उडण्याची परवानगी चालू ठेवली नाही, म्हणून १९३२ मध्ये हा मार्ग आखाताच्या पलीकडच्या तीरावर, अरबस्तानच्या बाजूला न्यावा लागला आणि शारजा नावाच्या लहानशा गावात विमानतळ उभा राहिला. त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन अहमदाबादमार्गे जुहूला उतरले आणि मुंबई या साखळीला जोडली गेली. म्हणजे मुंबई-लंडन हवाई मार्गाच्या अगदी पहिल्या पानावरच, कोणाचे आकाश कोणाला खुले आणि कोणाला बंद, हा मजकूर लिहिलेला आहे. पुढचा सगळा इतिहास त्या मजकुराची पुनरावृत्ती आहे म्हटले तरी चालेल.

स्वातंत्र्यानंतर वर्षभराच्या आत, १९४८ च्या ८ जूनला, एअर इंडिया इंटरनॅशनलचे 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हा येथे थांबत लंडनला गेले. चार पंख्यांचे ते कॉन्स्टेलेशन विमान ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास जात असे. १९६० मध्ये बोइंग ७०७ आले आणि वेग एका उडीत नऊशेवर गेला. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. तेव्हापासून आजतागायत प्रवासी विमानाचा वेग वाढलेला नाही. किंबहुना इंधन वाचविण्यासाठी तो काकणभर कमीच झाला आहे. १९७६ पासून २००३ पर्यंत उडालेले काँकॉर्ड हा ठळक अपवाद. आणि ध्वनीच्या दुप्पट वेगाचे ते विमान गडगडाटामुळे जमिनीवरून त्या वेगाने कोणी जाऊ देईना, म्हणून बहुतांशी अटलांटिकपुरते उरले. साठ वर्षांत वाचला तो वेळ थांबे गाळल्यामुळे. विमान अधिक इंधन घेऊन एका दमात जाऊ लागले, इतकेच. मुंबई आणि लंडन यांना आणखी जवळ आणण्याचे यंत्राचे सामर्थ्य जवळजवळ संपले आहे. त्यांना दूर नेण्याचे माणसाचे सामर्थ्य मात्र शाबूत आहे.

ते कसे, हे समजावयाचे तर भिंतीवरचा नकाशा बाजूला ठेवून पृथ्वीचा गोल हाती घ्यावा लागतो. शाळेतील जगाच्या नकाशावर मुंबई आणि लंडन यांना पट्टीने जोडले तर रेषा अरबी समुद्रावरून आखात ओलांडून निघते आणि तिचा मध्य तुर्कस्तान-सीरियाच्या सीमेजवळ येतो. हाच उद्योग गोलावर दोरा ताणून केला तर निराळेच दिसते. ताणलेला दोरा स्वतःच सर्वांत जवळची वाट शोधतो, आणि ती उत्तरेला बरीच फुगलेली असते. मुंबईहून तो पाकिस्तानच्या बलुचिस्तानवरून इराणात शिरतो, कॅस्पियन समुद्राच्या पश्चिमेने कॉकेशसकडे चढतो. त्याचा मध्य आर्मेनिया आणि जॉर्जिया यांच्या सीमेजवळ पडतो. तेथून काळा समुद्र ओलांडून तो युक्रेनवरून जातो, मग पोलंड, जर्मनी आणि हॉलंड. पट्टीची रेषा आणि दोऱ्याची रेषा यांच्या मध्यबिंदूंत काही शे किलोमीटरांची तफावत असते. मर्केटरने १५६९ मध्ये आपला नकाशा खलाशांसाठी काढला होता. होकायंत्राचा काटा एकाच दिशेला धरून जाता यावे हा त्याचा हेतू होता, आणि तो उत्तम रीतीने साधला. शाळेच्या भिंतीवर जाऊन बसण्याचा आग्रह त्याने धरलेला नव्हता. आमच्या वर्गांतून गोल नावाची वस्तू बहुधा कपाटात असते आणि तपासणीच्या दिवशी बाहेर येते, त्यामुळे विमान दिल्लीहून अमेरिकेला जाताना उत्तर ध्रुवाच्या बाजूला का वळते, असे विद्यार्थ्याने विचारले तर शिक्षकालाही क्षणभर घुटमळावे लागते.

आता दोऱ्याची ही वाट पुन्हा एकदा वाचावी : बलुचिस्तान, इराण, कॉकेशस, युक्रेन. गेल्या दहा-बारा वर्षांत ज्या आकाशांची नावे वृत्तपत्रांत भीतीने घेतली गेली, त्यांतील निम्मीअधिक या एका दोऱ्यावर ओवलेली आहेत. २०१४ च्या १७ जुलैला ॲमस्टरडॅमहून क्वालालंपूरला निघालेले मलेशियाचे प्रवासी विमान पूर्व युक्रेनवर क्षेपणास्त्राने पाडले गेले आणि २९८ माणसे मेली. त्या दिवशी तेथील आकाश ३२,००० फुटांपर्यंत बंद होते. विमान ३३,००० फुटांवर होते, म्हणजे नियमाप्रमाणे खुल्या वाटेवर होते. रशियाच्या आक्रमणानंतर, २०२२ च्या २४ फेब्रुवारीपासून, युक्रेनचे सारेच आकाश प्रवासी विमानांना मिटले. २०२० च्या ८ जानेवारीला तेहरानहून उडालेले युक्रेनचे विमान इराणच्याच क्रांतिरक्षक दलाच्या क्षेपणास्त्राने पडले, बळी १७६. २०२५ च्या जूनमध्ये इस्राएल आणि इराण यांचे युद्ध पेटले तेव्हा इराण, इराक, जॉर्डन यांची आकाशे एकामागून एक बंद झाली आणि युरोपकडे निघालेली कित्येक विमाने अर्ध्या वाटेवरून माघारी आली. पहिले दार, पाकिस्तानचे, २०२५ च्या २४ एप्रिलला भारतीय विमानांना बंद झाले.

आकाशाला दारे असतात ही कल्पना तशी नवी आहे. १९४४ च्या ७ डिसेंबरला शिकागो येथे झालेल्या करारात पहिल्याच कलमाने प्रत्येक राष्ट्राचे आपल्या भूमीवरील आकाशावर संपूर्ण सार्वभौमत्व मान्य केले. त्याबरोबरच एक दुसरा करार झाला. न थांबता वरून जाण्याची आणि इंधनासाठी उतरण्याची मुभा एकमेकांना द्यावी, असा त्याचा आशय. भारत आणि पाकिस्तान हे दोन्ही देश त्यात आहेत, रशिया नाही. सैबेरियावरून जाण्याचा परवाना रशिया देशागणिक वेगळा ठरवितो तो याच कारणाने. परंतु करारात असणे आणि दार उघडे ठेवणे यांत किती अंतर पडू शकते, याचा सर्वांत ठळक दाखला आपल्याच घरचा आहे.

१९७१ च्या जानेवारीअखेर 'गंगा' हे इंडियन एअरलाइन्सचे विमान पळवून लाहोरला नेण्यात आले आणि तेथे ते जाळले गेले. ४ फेब्रुवारीला भारताने पाकिस्तानी विमानांना आपले आकाश बंद केले. त्या वेळी पाकिस्तान हा दोन तुकड्यांचा देश होता, आणि कराची ते ढाका ही त्या देशाच्या आतली वाहतूक होती. सरळ वाटेने हे अंतर सुमारे २,४०० किलोमीटर. बंदीनंतर विमानांना भारतीय द्वीपकल्पाला वळसा घालून कोलंबोला थांबत जावे लागले. अंतर दुपटीच्या घरात गेले. एका आदेशाने एका देशाची दोन शहरे एकमेकांपासून दुप्पट दूर गेली. पुढे त्याच वर्षी तेथे जे घडले ते सर्वज्ञात आहे. विमानांना पडलेल्या या वळशाने इतिहास घडविला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण सैन्य आणि सामग्री पूर्वेकडे हलविणाऱ्या राजवटीला तो जाचला नसेल असेही म्हणता येणार नाही. पाकिस्तानने आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेकडे तक्रार नेली. तिला अधिकारच नाही, असे म्हणून भारत हेगच्या न्यायालयात गेला आणि १९७२ च्या ऑगस्टमध्ये तेथे हरला. आकाशे पुन्हा खुली झाली ती १९७६ मध्ये, आणि तीही दोन्ही देशांच्या आपसातील समझोत्याने.

२०१९ मध्ये भूमिका उलटल्या. बालाकोटनंतर २७ फेब्रुवारीला पाकिस्तानने आपले आकाश बंद केले, ते १६ जुलैला उघडले. दिल्ली आणि इस्तंबूल यांच्यामधली इंडिगोची विमाने इंधनासाठी दोहाला उतरू लागली. एअर इंडियाला जुलैच्या आरंभापर्यंत ४९१ कोटी रुपयांचा फटका बसल्याचे सरकारने राज्यसभेत सांगितले. पाकिस्तानचेही वरून जाणाऱ्या विमानांकडून मिळणारे भाड्याचे उत्पन्न बुडाले, कारण आकाश वापरू देणे हा धंदाही आहे. २०२५ मध्ये पहलगाम येथे २६ माणसांची हत्या झाली आणि पुन्हा तेच सत्र सुरू झाले. २४ एप्रिलला पाकिस्तानने दार लावले, ३० एप्रिलला भारताने लावले, आणि मग दोन्हीकडून महिन्यामहिन्याने मुदत वाढविण्याचा परिपाठ पडला. इंडिगोची अल्माटी आणि ताश्कंदची उड्डाणे त्या वेळी थांबवावी लागली. वळसा घालून तेथे पोचण्याएवढी त्या विमानांची मजल नव्हती. मध्य आशियाशी शतकानुशतकांचे नाते असल्याचा उल्लेख भाषणांतून नेहमी होतो. ते नाते दिल्लीपासून अडीच-तीन तासांवर आले होते, ते पुन्हा दूर गेले. वर्षभर हे असेच चालले तर सुमारे साठ कोटी डॉलरचा जादा खर्च येईल, असा अंदाज एअर इंडियाने सरकारला कळविल्याचे त्या वर्षी प्रसिद्ध झाले.

मुंबईला या वळशाची झळ दिल्लीइतकी बसत नाही, हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. मुंबईचे विमान समुद्रावरूनच ओमानकडे वळू शकते. दिल्लीच्या विमानाला आधी गुजरातपर्यंत खाली यावे लागते आणि मग पश्चिमेचा रस्ता धरावा लागतो. दिल्ली ते लंडन हे अंतर गोलावर मोजले तर मुंबईपेक्षा पाचएकशे किलोमीटरांनी कमी. बंदीच्या काळात ही आघाडी पुसून जाते. भूगोलाने दिलेले राजकारणाने काढून घ्यावे, याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचित सापडेल.

राजकारणाखेरीज दुसरा मालक वारा आहे. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून पश्चिमेला जाणाऱ्या विमानासमोर लंडन आपणहून चालून यावयास हवे, असा तर्क हुशार विद्यार्थीही करतो. तो फसतो, कारण हवाही पृथ्वीबरोबरच फिरते. फरक पाडतो तो हवेच्या आतला प्रवाह. तीस ते चाळीस हजार फुटांवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्याच्या नद्या वाहतात. हिवाळ्यात त्यांतली एक उत्तर भारतावरून जाते. ताशी ९०० किलोमीटर वेगाच्या विमानाला समोरून १५० चा वारा लागला तर जमिनीच्या हिशेबात त्याचा वेग ७५० उरतो. तोच वारा पाठीशी असला तर १,०५० होतो. मुंबई-लंडन प्रवासाच्या जाण्यायेण्याच्या वेळांत जो फरक पडतो त्याचे मूळ येथे आहे. २०२० च्या फेब्रुवारीत अटलांटिकवर वादळ असताना ब्रिटिश एअरवेजचे एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला पाच तासांच्या आत पोचले होते. या वाऱ्यांचा शोध प्रथम लावणाऱ्यांत वासाबुरो ओइशी हे जपानी हवामानशास्त्रज्ञ होते. १९२० च्या दशकात त्यांनी फुगे सोडून हे वारे मोजले, आणि आपला अहवाल जगाने वाचावा म्हणून एस्पेरांतो या कृत्रिम विश्वभाषेत प्रसिद्ध केला. परिणामी तो जवळजवळ कोणीच वाचला नाही. १९४४ मध्ये जपानवर चालून गेलेल्या अमेरिकी बाँबफेकी विमानांना तोच वारा आडवा आला तेव्हा वैमानिक चकित झाले.

वारा अनुकूल असेल तर लांबची वाट जवळची ठरते. दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को हे अंतर दोऱ्याने मोजले तर सुमारे १२,४०० किलोमीटर आहे, आणि दोरा सैबेरियावरून आर्क्टिक समुद्राच्या बाजूने अलास्काकडे जातो. एअर इंडियाने २०१५ च्या डिसेंबरात ही सेवा सुरू केली ती अटलांटिकवरून, १३,९०० किलोमीटरच्या वाटेने. पुढल्या वर्षी ऑक्टोबरात तीच सेवा पॅसिफिकवरून नेली. वाट १५,३०० किलोमीटर झाली, म्हणजे चौदाशे किलोमीटरांनी वाढली, आणि वेळ सुमारे दोन तासांनी घटून साडेचौदा तासांवर आली. वारा पाठीशी होता. २०२१ च्या जानेवारीत कॅप्टन झोया अग्रवाल यांच्या नेतृत्वाखाली सर्वस्वी स्त्री वैमानिकांनी चालविलेले विमान सॅन फ्रान्सिस्कोहून उत्तर ध्रुवाच्या प्रदेशावरून बंगलोरला आणले गेले. या वाटा कौतुकाच्या आहेत, तशा एकाकीही आहेत. २०२३ च्या जूनमध्ये दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेले विमान इंजिनातील बिघाडामुळे रशियाच्या अतिपूर्वेला मगादान येथे उतरवावे लागले. २१६ प्रवासी, त्यांत म्हातारी माणसे आणि मुले. काहींनी शाळेच्या इमारतीत जमिनीवर अंथरूण घातले, आणि मुंबईहून दुसरे विमान जाईपर्यंत सर्व तेथेच राहिले.

घड्याळाचाही गोंधळ यात आहे, पण तो निरुपद्रवी. मुंबईहून सकाळी सातला निघालेले विमान दहा तास उडून लंडनला पोचते तेव्हा तेथील हिवाळ्यातल्या घड्याळात सकाळचे साडेअकरा वाजलेले असतात. प्रवास साडेचार तासांचा झाला असे वाटावे! परतीला अकराला निघून नऊ तास उडाले की मुंबईत मध्यरात्र टळून दीड वाजतो. मुंबईचे घड्याळ १९५५ पर्यंत याहून वेगळे होते, हे आज फार थोड्यांना आठवत असेल. हिंदुस्थानची प्रमाणवेळ १९०६ मध्ये आली तरी मुंबईने आपली एकोणचाळीस मिनिटे मागची 'मुंबई टाइम' सोडली नव्हती.

वेळापत्रकातील दहा तास हे विमान फलाटावरून ढकलल्यापासून पलीकडे उभे राहीपर्यंतचे असतात. मुंबईच्या विमानतळावरील दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्हींवरून एकाच वेळी वाहतूक करता येत नाही. तिकडे हीथ्रोवर विमानांना घिरट्या घालीत पाळीची वाट पाहावी लागते. या दोन्ही ठिकाणी जाणारी मिनिटे वेळापत्रकात आधीच मिळवून ठेवलेली असतात. पण प्रवास विमानतळावर सुरू होतो हे गृहीतच शहरी आहे. लंडनला शिकावयास निघालेला विद्यार्थी लातूरचा असेल तर तो रात्रभर रेल्वेत बसून मुंबई गाठतो. ते अंतर पाचशे किलोमीटरांच्या आसपासचे. मग उड्डाणाच्या तीन तास आधी हजेरी, रांगा, तपासण्या. पाचशे किलोमीटरांना एक रात्र आणि सात हजारांना एक दिवस, असे त्याचे त्रैराशिक असते. त्याआधी व्हिसाचे आठवडे गेलेले असतात. १९६२ पूर्वी राष्ट्रकुलातील नागरिकाला ब्रिटनमध्ये जाऊन राहावयास फारशी आडकाठी नव्हती. प्रवास मात्र जहाजाने दोन-अडीच आठवड्यांचा होता. आता प्रवास एका दिवसाचा आहे आणि अर्जाच्या निकालाला जहाजाच्या प्रवासाएवढे, कधी त्याहून अधिक दिवस लागतात. एकूण बेरीज मागच्या पिढीच्या आजोबांसारखीच यावी, हा योगायोग मोठा विचित्र आहे.

दहशतवादाला उत्तर देताना विमानप्रवाशांच्या सोयीचा विचार आधी करावा, असे कोणी समंजस माणूस म्हणणार नाही. आपला हवाई प्रदेश मिटणे हा सार्वभौम राष्ट्राचा अधिकार आहे आणि तोफ डागण्यापेक्षा तो बरा, हेही मान्य करावे लागेल. आक्षेप निराळा आहे. तोफ डागली की तिचा आवाज होतो, आणि केव्हातरी ती थांबवावी लागते. मिटलेले आकाश आवाज करीत नाही. महिन्याच्या अखेरीस एक लहानशी सूचना निघते, मुदत वाढते, आणि वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळी येतात. ज्यांनी दार लावले त्यांना ते उघडण्याची घाई नसते, कारण भाडे प्रवासी भरतो आणि तास प्रवाशाचे जातात. १९७१ ची बंदी पाच वर्षे चालली. युद्ध चौदा दिवसांत संपले होते.

हिशेब मागावयाचा तर तो याच ठिकाणी मागितला पाहिजे. मुदत वाढविताना विमानांनी किती किलोमीटर जादा उडले, किती इंधन जाळले, कोणती गावे सेवेतून गळली आणि प्रवाशांचे मिळून किती तास गेले, हे दोन्ही देशांच्या संसदांपुढे दर तीन महिन्यांनी ठेवता येण्यासारखे आहे. प्रत्येक विमानाची वाट मिनिटामिनिटाला नोंदली जात असते, तेव्हा माहिती नाही असे म्हणता येणार नाही. २०१९ मध्ये राज्यसभेला जे आकडे मिळाले ते कंपन्यांच्या तोट्याचे होते, रुपयांतले. लातूरच्या विद्यार्थ्याचे, मुलीच्या बाळंतपणाला लंडनला निघालेल्या साताऱ्याच्या आईचे, किंवा वडिलांच्या अंत्यदर्शनासाठी तिकडून येऊ पाहणाऱ्या मुलाचे तास त्या आकड्यांत कोठे आले नव्हते.